डाव्या स्पीकरवरचं बोट

"हे पोराचं बोट आहे, किरीटभाई. आठ-नऊ वर्षांचं."

शैलाताई हे माझ्याशी बोलल्या नव्हत्या. टेबलावरच्या दिव्याची मान खाली ओढून, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून त्या बसल्या होत्या आणि किरीटभाई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. मी दाराजवळच्या स्टुलावर होते, मांडीवर बॅग.

"पोराचंच कशावरून?"

"मोठा माणूस कडेला दाबून बघतो. मधोमध बोट पोरंच घालतात." त्यांनी भिंग काढलं, पदराने पुसलं, परत लावलं. "आणि मग घाबरलंय ते. चिकटपट्टी लावून खड्डा ओढून काढलाय. तिचा गोंद अजून आहे वर. हुशार होतं."

"हुशार होतं तर घातलं कशाला?" किरीटभाई म्हणाले, आणि दोघं हसले.

मी उजव्या हाताची तर्जनी मुठीत घेतली. ते बोट आता सव्वीस वर्षांचं आहे. त्याच्याकडे बघून कोणाला काही कळलं नसतं.

बोलणं चाललं होतं ते स्पीकरच्या मधल्या तोंडाबद्दल. बाबाचे स्पीकर स्टुडिओतले आहेत, लाकडी, माझ्या कमरेएवढे, आणि प्रत्येकाला तीन तोंडं. खालचं ताटाएवढं, ते ढोलकीचं आणि दाराच्या धडामचं. वरचं नाण्याएवढं, ते बांगड्यांचं आणि स, श, छ या अक्षरांचं. आणि मध्ये एक काळ्या कापडाचा फुगीर घुमट, अर्ध्या मोसंबीसारखा. त्याला डोम म्हणतात. माणसाचा आवाज मुख्यतः त्यातून येतो. "लोक वरचं बघतात, खालचं बघतात," किरीटभाई पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "बीचवाल्याला कोणी विचारत नाय. पण माणूस तर बीचमधूनच बोलतो ना."

किरीटभाईंचा गाळा घाटकोपरला, एका इंडस्ट्रियल इस्टेटीत पहिल्या मजल्यावर आहे. खाली स्टीलच्या डब्यांना पॉलिश करणारं यंत्र दिवसभर कण्हत असतं. वर भिंतीभर शेल्फं आणि शेल्फांवर उघडे स्पीकर, आ वासून बसलेले. तिथे सोल्डरिंगच्या राळेचा वास असतो, थिनरचा असतो, आणि दुपारी बारानंतर त्यात थेपल्यातली मेथी मिसळते. पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तेव्हा राळेच्या वासाने मी जागीच थांबले. नाक आठ वर्षांचं झालं होतं, बाकीची मी नाही.

स्पीकर इथे आले ते घराचं रंगकाम काढल्यामुळे. मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये ते दोघं कित्येक वर्षं उभे होते, पोटात काही नसलेल्या कपाटांसारखे. एकावर मनीप्लांट, एकावर फोन चार्जिंगला. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांनी ते बाबाला देऊन टाकले होते आणि बाबाने ते घरी आणून कधी लावले नव्हते. रंगारी आले तशी आई म्हणाली, "ही दोन कपाटं आता भंगारवाल्याला द्या."

मी म्हटलं, "मी दुरुस्त करून बघू?"

आईने माझ्याकडे अशी मान वळवली की जणू मनीप्लांट बोललं. बाबा पेपर वाचत होता. तो म्हणाला, "बघ. डाव्यात काही बिघडलेलं नसेलच. म्हणजे, मला वाटतं."

"म्हणजे, मला वाटतं." हे बाबाचं शेपूट आहे. तो कुठलंही वाक्य त्याच्याशिवाय सोडत नाही. आमटीत मीठ कमी आहे, म्हणजे, मला वाटतं. बेल वाजली, म्हणजे, मला वाटतं. आई कधीकधी चिडते, "अरे, वाजली की नाही वाजली?" मग तो उठून दार उघडतो. दारात खरंच कोणीतरी असतं.

पूर्वी त्याला हे शेपूट नव्हतं. हे मला नक्की माहीत आहे, कारण ते उगवलं तेव्हा मी तिथेच होते, टेबलाखाली.

*

शनिवारी माझ्या शाळेला सुट्टी असायची आणि आईच्या बँकेला नसायची, म्हणून शनिवारी मी बाबाबरोबर गोरेगावला जायचे. त्याचा स्टुडिओ पूर्वेला होता, मोठमोठ्या स्टुडिओंच्या रस्त्यावरच, पण एका साबणाच्या गोदामाच्या मागे. त्यामुळे जिना चढताना कपडे धुतल्याचा वास यायचा आणि पहिलं जाड दार उघडलं की तो वास बंद व्हायचा. मग मध्ये एक हातभर काळोख, मग दुसरं जाड दार, आणि मग थंडी. एसीची, गालिच्याची, जुन्या फोमची थंडी, आणि बाबाने वायर जोडली असली की सोल्डरिंगच्या राळेचा वास. त्या खोलीत स्वतःचा श्वास ऐकू यायचा. मला ते फार आवडायचं. बाहेर सगळे मला "बोल ना गं काहीतरी" म्हणायचे. इथे दारावर लाल दिवा लागला की सगळ्यांनाच गप्प बसावं लागायचं.

तिथे डबिंग चालायचं. दुसऱ्या भाषांतल्या मालिका मराठीत. काचेपलीकडे एक बाई किंवा एक बुवा उभा राहून तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणायचा आणि काचेच्या अलीकडे बाबा ऐकायचा. "दार उघड, मीच आहे." एकदा रागाने, एकदा दमून, एकदा थोडं लवकर, कारण पडद्यावरच्या बाईचे ओठ आधी मिटतात. मी अकरा-अकरा वेळा मोजलंय. शाळेत आम्ही मराठी आठवड्यातून चार तास शिकत होतो आणि त्यात बेडकाचं आत्मवृत्त लिहीत होतो. माझं खरं मराठी त्या खोलीत झालं, एकेक वाक्य अकरा वेळा. अजूनही मी एखादं वाक्य मनात घोळवते तेव्हा त्याला पहिला टेक, दुसरा टेक असे आकडे पडतात. बहुतेक वाक्यं टेकमध्येच संपतात, तोंडापर्यंत येत नाहीत.

बाबा ऐकताना पडद्याकडे बघायचा नाही. जमिनीकडे बघायचा, आणि डाव्या हाताने कानाची पाळी चिमटीत धरायचा. मग म्हणायचा, "ताई, तुमची बांगडी उजव्या हातात घाला." किंवा, "पोटात कावळे ओरडतायत, आधी खाऊन घ्या." काचेपलीकडच्या बाई हसायच्या. पोटातला कावळा बाबाला स्पीकरमधून ऐकू आलेला असायचा. त्याच्या त्या ऐकण्याबद्दल स्टुडिओत सगळ्यांना जरा धाक होता, जसा कोणाच्या अंगात येतं म्हटल्यावर असतो.

समोरच्या मोठ्या मिक्सरवर बटणांच्या ओळीखाली कागदी पांढरी चिकटपट्टी लावलेली असायची आणि तिच्यावर पेनाने नावं. "नायिका." "सासू." "गर्दी." "पाऊस." कुठल्या बटणाने कोणाचा आवाज वाढतो, ते कळायला. संध्याकाळी काम संपलं की बाबा ती पट्टी एका ओढीत सोलून काढायचा, र्रर्र, आणि मला द्यायचा. मी ती वहीत चिकटवायचे. माझ्याकडे अशी वही भरली होती. एका पानावर "सासू" शेजारी "पाऊस" होता, एका पानावर नुसतं "कुत्रा, लांबचा". ती वही आता कुठे आहे कोणालाच माहीत नाही. रंगकाम निघालं तेव्हा मी माळ्यावर शोधली. तिच्या जागी आईची लोकरीची पिशवी होती.

दोन-तीन महिन्यांतून एकदा बाबा स्पीकरच्या मधल्या तोंडावरच्या जाळ्या काढायचा आणि आपल्या जुन्या दाढीच्या ब्रशने घुमटांवरची धूळ झाडायचा. फार हळू, बाळाच्या टाळूला तेल लावावं तसं. जाळी काढलेला डोम मी त्या एका शनिवारी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. तो काळा होता आणि किंचित ओला दिसत होता. कापडावर कसलासा लेप असतो, तो कधीच पूर्ण सुकत नाही. बाबा चहा सांगायला बाहेर गेला होता. सकाळपासून त्या घुमटातून बाई म्हणत होती, दार उघड, मीच आहे.

मला बघायचं होतं, ती आत कुठे असते.

यापेक्षा मोठं कारण नव्हतं. मी बोट लावलं. ते मऊ होतं, भिजवलेल्या खजुरासारखं, आणि थोडं आत गेलं, म्हणून मी अजून थोडं दाबलं. मग मी बोट काढलं आणि घुमट वर आला नाही. त्याच्या मध्यावर बेंबी पडली होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी भीतीच्या आधी दुसरंच काही आलं होतं. इतकंच? असं वाटलं होतं. इतक्या मऊ, इतक्या पातळ कापडामागून एवढी माणसं बोलतात?

मग भीती आली. मी मिक्सरवरची "नायिका" लिहिलेली पट्टी सोलली, खड्ड्यावर चिकटवली आणि ओढली. टप्प, असा अगदी छोटा आवाज झाला आणि डोम गोल झाला. बाबा चहा घेऊन आला. त्याने जाळ्या बसवल्या. "नायिका कुठे गेली?" त्याने मिक्सरकडे बघून विचारलं. मी वही दाखवली. तो हसला.

*

"तुम्हाला डिसिजन घ्यायला लागेल," किरीटभाई म्हणाले. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. स्पीकरसमोर एक बारीक माइक उभा करून, खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत एक लांब शीळ वाजवून त्यांनी दोन्ही स्पीकर मोजले होते. पडद्यावर दोन रेघा होत्या. उजव्याची हिरवी, डाव्याची लाल. दोन्ही एकमेकींवरून डोंगरासारख्या जात होत्या आणि मध्ये एका ठिकाणी लाल रेघेला एक छोटा खळगा होता, त्याच्या पुढे छोटा उंचवटा.

"हे कुठे आहे?" मी विचारलं. त्या दिवसातलं माझं ते पहिलं वाक्य असावं.

"एकदम आवाजाच्या जागेवर. बाई बोलली तर नाकातून बोलल्यासारखी येणार. सर्दी झाल्यासारखी." ते थांबले. "पण हे मशीनला दिसतं. माणसाला एवढं ऐकायला येत नाय. लाखात एकाद्याला."

मी त्या खळग्याकडे बघत राहिले. नखाएवढा होता.

"तर दोन रस्ते. कुर्ल्याच्या माझ्या दोस्ताकडे अशाच मेलेल्या पेअरचा एक डोम पडलाय. तो आणतो, हा काढतो, आठ स्क्रू, काम खतम. हा टाकून द्यायचा. नाहीतर शैलाताई हाच बरा करेल. वेळ लागेल, आणि गॅरंटी नाय."

शैलाताई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या टेबलावरचे स्क्रू एका वाटीत गोळा करत होत्या. त्या वाटीचा आवाज मला अजून आठवतो, कारण त्या वेळात मी दुसरं काही ऐकत नव्हते. डोम बदलला असता तर ते बोट दुसऱ्या दिवशी किरीटभाईंच्या कचऱ्याच्या पोत्यात गेलं असतं, आणि तिथून कांजूरच्या डंपिंगच्या डोंगरावर. स्पीकर घरी आले असते. बाबाला कळलं असतं फक्त इतकंच की नवा भाग बसवला. जुन्याचं काय बिघडलं होतं, हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. अठरा वर्षं कोणी विचारला नव्हता.

"मी उद्या सांगते," मी म्हटलं.

*

त्या शनिवारनंतरच्या आठवड्यात बाबा घरी आईला म्हणाला होता, "डाव्यात बाई नाकातून बोलतायत." आईला वाटलं तो कोणा कलाकाराबद्दल बोलतोय. नंतर तो ते स्टुडिओत म्हणू लागला. त्याने वायरी बदलल्या, ॲम्प्लिफायर बदलला, डावा स्पीकर उजवीकडे नेऊन बघितला. जाळीच्या आत मात्र कोणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी काळ्यावर काळी सुरकुती दिसली नसती. बाकीच्या कोणाला काही ऐकू येत नव्हतं. दोन रेकॉर्डिस्ट येऊन ऐकून गेले, म्हणाले, झकास आहे. बाबा मात्र प्रत्येक बाईचं वाक्य पाच-पाच वेळा परत घ्यायला लागला. काम मागे पडू लागलं. मग मालकांनी, ज्यांना सगळे शेठ म्हणायचे, एका शनिवारी सगळ्यांना बोलावलं.

दोन्ही स्पीकर शेजारीशेजारी उभे केले. त्यांच्यापुढे काळा पडदा सोडला. बाबाला समोर खुर्चीवर बसवलं. शेठ पडद्यामागून एकेक स्पीकर चालू करणार, तेच वाक्य वाजवणार, आणि बाबाने सांगायचं, हा चांगला की हा नाकातला. मी टेबलाखाली होते, वही घेऊन. स्टुडिओत एवढी माणसं मी कधी बघितली नव्हती. कोणीतरी भजी आणली होती. तेलाचा वास त्या थंड खोलीत चुकल्यासारखा फिरत होता.

दार उघड, मीच आहे.

"नाकातला," बाबा म्हणाला. बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा बरोबर. मग कोणीतरी म्हणालं, "अरे वा, कान आहे का रडार," आणि सगळे हसले, आणि बाबाही मागे वळून हसला. चौथ्याला त्याने वेळ घेतला. पाळी चिमटीत धरली, जमिनीकडे बघितलं. मला टेबलाखालून त्याचे डोळे दिसत होते. तो ऐकत नव्हता, लोक ऐकतायत ते ऐकत होता. चौथा चुकला. पाचवा चुकला.

शेठ चांगले होते. ते बाबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं. चल, भजी खा." दुसरा कोणीतरी म्हणाला, "चाळिशी आली सर, डोळ्याला आली तशी कानाला येणार." पुन्हा हसले. बाबा म्हणाला, "असेल. मला वाटलं तसं."

ते पहिलं शेपूट.

त्यानंतर तो प्रत्येक टेकला शेजारच्याला विचारू लागला, "ठीक वाटतंय ना?" वर्षभरात त्याने डबिंग सोडलं आणि त्याच मालकांच्या अंधेरीच्या ऑफिसात हार्ड डिस्कना लेबलं लावायचं काम घेतलं. सुबक अक्षरात लावायचा. शनिवार संपले. मला घराची चावी मिळाली. लाल दिव्याची, जाड दारांची आणि साबणाच्या जिन्याची आठवण काढायला आमच्याकडे कोणी उरलं नाही, कारण ती आठवण निघाली की बाबा टीव्हीचा आवाज कमी करून म्हणायचा, "जोरात होता ना? म्हणजे, मला वाटलं."

बाबाला खरं सांगायचं वाक्य मी मनात किती टेकमध्ये म्हटलंय. इंग्रजीत पहिल्यांदा. इंग्रजीत ते दोन ओळींत होतं, आणि त्याला घामाचा वास येत नाही. मराठीत म्हटलं की ते बाबा ऐकतो.

*

दुसऱ्या दिवशी मी जाऊन म्हटलं, "हाच बरा करा." किरीटभाईंनी खांदे उडवले. शैलाताईंनी फक्त स्टूल टेबलाजवळ सरकवलं, म्हणजे बस इथे.

मग मी रोज दुपारी जाऊ लागले. माझं काम घरून असतं, मालिकांना सबटायटल्स लिहिण्याचं, ते मी पहाटे उरकायचे. शैलाताईंना ते समजावून सांगितलं.

"म्हणजे दुसरे बोलतत ता तू लिवतंस."

"हो."

"आणि तू कधी बोलतंस?"

मी हसले. माझी आजी वेंगुर्ल्याची, हे त्यांना कळल्यापासून त्या माझ्याशी मालवणी बोलायच्या आणि मी शहरी मराठीत उत्तर द्यायचे. भांडुपच्या एका रेडिओ कारखान्यात वीस वर्षं त्यांनी तारेची कॉइलं गुंडाळली होती, केसासारख्या बारीक तारेची. "तिथे सगळ्यो बायकाच," त्या म्हणाल्या. "पुरुषांची बोटां जाडी. तार तुटता." कारखाना बंद पडला, मग त्या किरीटभाईंकडे आल्या. किरीटभाई त्यांना सगळ्यांसमोर अरेतुरे करायचे आणि कुठल्याही कॉइलला त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचे नाहीत.

डोम सुटा झाला तेव्हा मला आतली जागा दिसली, जी मला आठ वर्षांची असताना बघायची होती. आत काहीच नव्हतं. एक जड लोहचुंबक, त्यात गोल खाच, केसभर रुंदीची, आणि घुमटाच्या काठाला चिकटलेली तारेची गुंडाळी त्या खाचेत अधांतरी उभी. वीज आली की गुंडाळी थरथरते, गुंडाळीबरोबर कापड, कापडाबरोबर हवा. बस. मी दाबलं तेव्हा गुंडाळी किंचित तिरकी बसली होती आणि तेव्हापासून एका बाजूला घासत होती. खाचेत तिची बारीक तांबूस पूड साचली होती. शैलाताईंनी ती कशाने काढली, तर पांढऱ्या कागदी चिकटपट्टीने. दुहेरी घडी घालून, चिकट बाजू बाहेर, खाचेतून फिरवली. ती बाहेर आली तेव्हा तिच्यावर तांब्याची रेघ होती. त्या स्पीकरमधल्या सगळ्या बायकांची सर्दी एवढीच होती.

"माका दे ती," मी म्हटलं. मालवणीत, न ठरवता. शैलाताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पट्टी माझ्या हातावर ठेवली.

मग कापडाची पाळी. जुना लेप त्यांनी कसल्याशा द्रवात बुडवलेल्या कापसाने मऊ केला. मलमलच्या फडक्यात मूठभर तांदूळ बांधून त्याची पुरचुंडी केली आणि ती घुमटाच्या आतून हळूहळू दाबली. तांदूळ आपोआप घुमटाचा आकार घेतात, कुठेच जास्त जोर पडत नाही. सुरकुती एका दिवसात गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती कुठे होती हे मला शोधावं लागलं. मग वरून नवा लेप, पातळ, तीन थर, मध्ये एकेक दिवस. आणि शेवटी त्यांनी धडधाकट उजवाही उघडून त्यालाही तेवढाच लेप दिला. "एकाच घरातली दोन पोरां. एकाक नवे कपडे नि दुसऱ्याक जुने, असा करूचा नाय."

तिसरा थर देताना, ब्रश न थांबवता त्या म्हणाल्या, "बापाक सांगितलंस?"

खाली पॉलिशचं यंत्र कण्हत होतं. मी म्हटलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच. मी बोट म्हटलंय आणि तू बोट लपवलंस." त्यांनी ब्रश थिनरमध्ये बुडवला. "माजा काय जाता. डोम बरो झालो. बाकीचा माज्या हातात नाय."

*

बाबाला मी शनिवारी आणलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, लग्नाला आल्यासारखा. जिन्यात, राळेचा वास आल्यावर, तो कठडा धरून थोडा थांबला. मी मागे होते. त्याचं तोंड दिसलं नाही.

किरीटभाईंनी त्याला खुर्ची दिली, दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, चार हातांवर. "काय लावू, साहेब? लताबाई, किशोर, काय म्हणाल ते."

"गाणं नको," बाबा म्हणाला. "कोणीतरी नुसतं बोला."

किरीटभाईंनी टेबलावर माइक ठेवला आणि शैलाताईंकडे सरकवला. त्या जराही लाजल्या नाहीत. "काय बोलू? बांगड्याची कढी सांगतंय. खोबरा बारीक वाटूचा. हळद, मिरची, कोकमा. तिरफळां घालूची, पण वाटूची नायत, नुसती ठेचूची."

किरीटभाईंनी आधी फक्त उजवा चालू ठेवला, मग फक्त डावा. शैलाताई खोलीत समोर बसल्या होत्या आणि त्या काळ्या घुमटातही होत्या, कोकमासकट. बाबा जमिनीकडे बघत होता. हात हळूच वर गेला आणि कानाची पाळी चिमटीत आली. ते मी अठरा वर्षांत बघितलं नव्हतं.

"उजवा उत्तम," तो म्हणाला.

"आणि डावा?" किरीटभाईंनी विचारलं.

"डाव्याचं मला विचारू नका." तो हसला, पाहुण्यासारखा. "माझी परीक्षा झालीये त्यात."

किरीटभाईंना काही माहीत नव्हतं, शैलाताईंना अर्धं माहीत होतं. शैलाताईंनी टेबलावरचा माइक माझ्या बाजूला सरकवला. बंद केला नाही. तसाच.

बाबा उठला, डाव्या स्पीकरजवळ गेला आणि जाळी नसलेल्या त्या घुमटाकडे वाकून बघू लागला. बोट लावलं नाही. हात पाठीमागे बांधले होते.

"आधी यात बायका नाकातून बोलायच्या," तो घुमटालाच सांगितल्यासारखं म्हणाला. "आता नाही बोलत. म्हणजे, मला वाटतं."

माझ्या मुठीत ती पट्टी होती, तांब्याची रेघ असलेली. आठवडाभर पर्समध्ये ठेवली होती. मनात पहिला टेक झाला, इंग्रजीत. दुसरा झाला. मी माइककडे बघितलं नाही, पण तो इतका जवळ होता की माझा श्वास समोरून, बाबाच्या तोंडासमोरच्या त्या काळ्या कापडातून आला, आणि बाबाने मान वर केली.

"डावाच होता, बाबा. मी दाबला होता."